दोन नंबरची मोटर

ड्रोन पडला की सगळे त्याच्याकडे धावत सुटतात आणि तो का पडला याचा निम्मा पुरावा तिथंच पायदळी जातो. कुणी तुटलेल्या पात्यांचे तुकडे वेचून खिशात टाकतं, कुणी वाकलेला आर्म सरळ होतोय का बघतं, कुणी घाईघाईनं रिमोटची थ्रॉटल वर करून मोटर फिरतेय का ते तपासतं. हे शेवटचं तर फार धोक्याचं. तुटक्या पात्याचं टोकदार अर्धुक मिनिटाला हजारो फेरे घेत बोटांजवळ येतं. त्या वेळी करायच्या गोष्टी खरं तर तीनच असतात: थ्रॉटल शून्यावर आणायची, बॅटरी सोडवायची आणि ड्रोन जसा पडलाय तसा त्याचा फोटो काढायचा. कुठला आर्म मातीत रुतलाय, कुठलं पातं तुटलंय आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठलं तुटलेलं नाही, हे त्या फोटोत टिपलं जातं. वेगात फिरणारं पातं जमिनीला लागलं की तुटतं. आधीच थांबलेलं पातं बरेचदा शाबूत राहतं. म्हणून चारांतलं जे धड असेल, पहिला संशय त्याच्या मोटरवर घ्यायचा.

हे मला कळलं ते कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचा एक गट तिथं स्वतः क्वाडकॉप्टर बनवत होता. बनवून झाला, उडाला, पडला; दुरुस्त केला, उडाला, पुन्हा पडला. मी गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्याकडे जाऊन-येऊन होतो. ड्रोन बनवण्यावर पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. पडलेल्या ड्रोनवर कुणी फारसं लिहीत नाही, आणि मला वाटतं, खरं शिक्षण तिथंच होतं. तुटलेला भाग हा पडण्याचा परिणाम असतो. पडण्याचं कारण बहुधा वेगळ्याच ठिकाणी, न तुटलेल्या एखाद्या सांध्यात किंवा सॉफ्टवेअरच्या एका खान्यात शिल्लक असतं. नवी पाती बसवून लगेच उडवणारा माणूस ते कारणही सोबत उडवत असतो.

त्यांचा सांगाडा एफ-४५० जातीचा, म्हणजे समोरासमोरच्या दोन मोटरींमधलं तिरकं अंतर ४५० मिलिमीटर. नायलॉनचे चार आर्म, त्यांवर २२१२ मापाच्या चार ब्रशलेस मोटरी, प्रत्येकीला ३० अँपिअरचा वेगनियंत्रक, ज्याला सगळे ईएससी म्हणतात. पाती १० इंची. बॅटरी तीन सेलची लिथियम पॉलिमर, ११.१ व्होल्टची. आणि मधोमध पिक्सहॉक जातीचा उड्डाण-नियंत्रक, त्यात आर्डूपायलट हे खुलं सॉफ्टवेअर. परदेशातून अख्खा ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग आणायला नाही. त्यामुळे हे सगळे भाग पुण्याच्या पासोड्या विठोबा परिसरात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि कुरिअरनं कुठंही मिळतात. सुटे भाग जोडणं एका शनिवार-रविवारी उरकतं. खरी कसोटी त्यानंतर लागते.

पहिल्या उड्डाणात तो उडालाच नाही. जमिनीवरून बोटभर उचलला आणि एका बाजूला कलंडून पालथा झाला. नवशिक्यांचा क्वाड असा पहिल्या झटक्यात उलटतो तेव्हा कारण जवळजवळ नेहमी एकाच घरातलं असतं: मोटरींचा क्रम, त्यांच्या फिरण्याची दिशा किंवा पाती. क्वाडकॉप्टरच्या दोन मोटरी घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलट. तिरप्या जोडीची दिशा एक. त्यामुळे चौघींचा पीळ एकमेकींना मारतो आणि यंत्र जागच्या जागी गरगरत नाही. नियंत्रकाला मात्र कुठली मोटर कुठं आहे हे तुम्ही जसं सांगाल तसंच माहीत असतं. आर्डूपायलटमध्ये एक नंबर पुढच्या उजव्या मोटरीला, दोन नंबर मागच्या डाव्या, तीन पुढच्या डाव्या आणि चार मागच्या उजव्या मोटरीला. म्हणजे तिरपं जायचं. मुलांनी सरळ गोल फिरत एक, दोन, तीन, चार असं जोडलं होतं. त्यांना यात दोष देता येत नाही, कारण त्याच सॉफ्टवेअरची मोटर-चाचणी मात्र ए, बी, सी, डी अशी पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून गोलच फिरते. डावीकडे झुकलेलं यंत्र सावरायला नियंत्रकानं डावीकडच्या मोटरींना जोर दिला, तो जोर पोचला भलत्याच मोटरीला, झुकाव आणखी वाढला, आणखी जोर गेला. हे सगळं पापणी लवण्याच्या आत घडतं.

इथं थोडं मागे जायला हवं. चार पंख्यांचं यंत्र ही कल्पना विमानाइतकीच जुनी. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये लुई ब्रेगे यांचं चार पंख्यांचं यंत्र जमिनीवरून उचललं गेलं, पण चार कोपऱ्यांवर चार माणसं त्याला धरून उभी होती. तसं धरलं नसतं तर ते तोललंच गेलं नसतं. एतियेन एमिशेन यांनी ४ मे १९२४ रोजी आपलं यंत्र एक किलोमीटरच्या बंद फेरीत उडवून दाखवलं, त्याला ७ मिनिटं ४० सेकंद लागली. अमेरिकेत जॉर्ज द बोथेझाट यांचाही प्रयोग त्याच सुमाराला, १९२२ मध्ये झाला. मग ही कल्पना मागे पडली, कारण चार पंख्यांचा जोर क्षणोक्षणी कमी-जास्त करत राहणं माणसाच्या हातांच्या आवाक्याबाहेरचं आहे. ते काम करायला चार मिलिमीटर लांबी-रुंदीची एक चिप यावी लागली. फोनसाठी आणि खेळण्यांसाठी जे चिमुकले जायरोस्कोप आणि त्वरणमापक स्वस्त झाले, तेच क्वाडकॉप्टरचे कान झाले. हौशी लोकांचा मल्टीवी हा प्रकल्प २०१० च्या सुमाराला पुढे आला तो निन्टेंडो वी या व्हिडिओ गेमच्या रिमोटमधले सेन्सर काढून वापरत. नावही त्यावरूनच पडलं. आज पिक्सहॉक सेकंदाला ४०० वेळा ‘मी किती झुकलोय’ हे विचारतो आणि चारही मोटरींना नवा हुकूम देतो. ब्रेगेच्या चार माणसांचं काम ते.

म्हणजे या यंत्राचं उडणं सर्वस्वी सेन्सरच्या खरेपणावर अवलंबून आहे. दुसऱ्या वेळी तो पडला तो सेन्सर खोटं बोलू लागल्यामुळे, आणि त्याचं मूळ पहिल्या पडण्यात होतं.

पहिल्या कलंडण्यात दोन पाती मोडली होती. ती बदलली, तारांचा क्रम लावला, ड्रोन छान उचलला गेला. हातानं उडवताना काही तक्रार नव्हती. पण उंची स्थिर धरण्याच्या मोडवर टाकल्याबरोबर तो कुणी न सांगता वर चढू लागला, थांबेना. उडवणाऱ्या मुलीनं प्रसंगावधान राखून पुन्हा हाताच्या मोडवर घेतला, पण उतरवताना घाई झाली आणि तो शेजारच्या उसात गेला. बारा फुटी उसात पडलेला ड्रोन शोधणं हे काम ज्यानं केलंय त्यालाच कळेल. उसाची पाती अंग कापतात, चार सरींपलीकडचं दिसत नाही. रिमोटच्या काड्या ठरावीक कोपऱ्यात धरल्या की नियंत्रकाचा बझर ‘मी इथं आहे’ असं ओरडू लागतो. ती सोय होती म्हणून संध्याकाळपूर्वी सापडला.

कार्यशाळेत परत आल्यावर सगळ्यांचा कल सॉफ्टवेअरकडे होता. पीआयडीचे, म्हणजे तोल सावरण्याच्या गणितातले, आकडे बदलू या, बॅरोमीटर खराब असेल, फर्मवेअर नवं टाकू या. तेवढ्यात मेकॅनिकलच्या शॉपमधले मामा आले. ते तिथले जुने सहायक, आयुष्य लेथवर गेलेलं. त्यांना ड्रोनमधलं फारसं माहीत नव्हतं, पण फिरणाऱ्या वस्तूबद्दल त्यांना सगळं माहीत आहे. त्यांनी पाती काढायला लावली, एकेक मोटर बोटानं हळू फिरवली आणि तीन नंबरला थांबले. “ही चावतीया बघ,” म्हणाले. मग डायल गेज आणलं, स्टँडवर बांधलं, त्याची टोची मोटरीच्या शाफ्टला टेकवली आणि मोटर हातानं फिरवली. त्या डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. बाकीच्या तीन मोटरींवर काटा एखाद-दुसरी रेघ हलत होता. या मोटरीवर तो पंधरा-वीस रेघा इकडून तिकडे जात होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पहिल्या वेळी पातं मोडताना त्या धक्क्यानं शाफ्ट किंचित वाकला होता.

वाकलेल्या शाफ्टवर पातं मिनिटाला पाचेक हजार फेरे घेतं तेव्हा सगळा सांगाडा थरथरतो. त्वरणमापक त्या थरथरीला ड्रोनची हालचाल समजतो आणि उंचीचा हिशेब चुकतो. मुलांनी मग उड्डाणाची नोंद उघडली. आर्डूपायलट कंपनांची वेगळी नोंद ठेवतो. साधारण ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असेल तर ठीक, ६० च्या वर गेलं की उंची किंवा जागा धरण्यात हमखास गडबड. यांची रेघ ६० च्या कितीतरी वर नाचत होती. म्हणजे ड्रोननं स्वतःच लिहून ठेवलं होतं, बघितलं नव्हतं इतकंच. शाफ्ट बदलला, नवी पाती तोलून घेतली. हलक्या पात्याला सेलोटेपचा तुकडा लावून दोन्ही बाजू समतोल होईपर्यंत धीर धरावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळणारे फार.

बॅटरीबद्दल इथंच सांगतो. लिथियम पॉलिमर बॅटरीला कडक कवच नसतं, नुसती चंदेरी पिशवी असते. पडताना तिला ठोसा किंवा टोच बसली तर आतला पडदा फाटून ती लगेच पेटते किंवा अर्ध्या तासानं पेटते. म्हणून उसातून आणलेली बॅटरी मुलांनी आधी बाहेर वाळूच्या बादलीत ठेवली, मग प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजला. भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, ३.३ च्या खाली गेला की त्याचं नुकसान होऊ लागतं. एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल किंवा पिशवी फुगलेली असेल तर ती बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही, कितीही महाग असो. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत गादीखाली, पुस्तकांच्या कपाटात फुगलेल्या बॅटऱ्या मी पाहिल्यात. हे थांबायला हवं.

तिसऱ्या वेळी ड्रोन पडला तेव्हा सगळे चक्रावले, कारण त्या दिवशी सगळं उत्तम चाललं होतं. कंपनं कमी, बॅटरी नवी, वारा पडलेला. वीसेक मीटर उंचीवर स्थिर उभा असताना तो एकाएकी मागे-डावीकडे कोसळला, गिरक्या घेत खाली आला आणि नांगरलेल्या जमिनीत आपटला. या वेळी मात्र कुणी धावलं नाही. फोटो निघाला. तीन पाती मोडलेली, मागची डावी जशीच्या तशी. दोन नंबरची मोटर.

नोंदीतही तेच निघालं, आणि ते वाचायची रीत कुणीही शिकावी अशी आहे. एका रेघेवर ड्रोननं किती झुकावं अशी अपेक्षा होती ते असतं, दुसरीवर तो खरोखर किती झुकला ते. सुरळीत उड्डाणात या दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. इथं एका क्षणी त्या फाटल्या, अपेक्षा सपाट राहिली आणि प्रत्यक्ष झुकाव खाली गेला. रेघा अशा फाटल्या की समजायचं, चूक उडवणाऱ्याची नाही, यंत्राचा एखादा अवयव गेलाय. कुठला, ते चार मोटरींना गेलेल्या हुकमांत दिसतं. त्याच क्षणी दोन नंबरचा हुकूम कमाल मर्यादेला जाऊन चिकटला होता, आणि तिच्यासमोर तिरपी असलेली एक नंबर जवळजवळ बंद केलेली. नियंत्रक जीव तोडून सांगत होता, दोन नंबर, जोर लाव. दोन नंबर ऐकत नव्हती. क्वाडकॉप्टरला जादा मोटर नसते. सहा किंवा आठ पंख्यांचं यंत्र एक मोटर गेली तरी बहुधा सावरून उतरवता येतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात राफाएलो डी’आंद्रेया यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवून दिलं की खास गणित वापरलं तर पंखे गमावलेला क्वाडही भोवऱ्यासारखा फिरत का होईना, हवेत राहतो. पण साध्या नियंत्रकात ती सोय नसते.

मोटर टेबलावर घेतली तर ती झकास फिरली. ईएससी बदलून पाहिला, तरी फिरली. इथं पुष्कळ जण हार मानतात, नवी मोटर बसवतात आणि पुढे जातात. अधूनमधून होणारा बिघाड हा सगळ्यांत छळणारा, कारण तपासायला बसलं की तो हजरच नसतो. त्याला बोलावून आणावं लागतं. ईएससीपासून मोटरीकडे तीन तारा जातात, मध्ये पितळी बुलेट कनेक्टर असतात. गटातल्या एका मुलीनं मल्टिमीटर बीपवर ठेवला आणि एकेक तार मुळाशी हलवायला सुरुवात केली. पहिल्या तारेला सलग बीप. दुसरीलाही. तिसरी तार एका विशिष्ट बाजूला वाकवली की बीप तुटायचा, सोडली की परत यायचा. हीट-श्रिंकची काळी नळी ब्लेडनं चिरली. आत सोल्डर होतं, पण चकचकीत नव्हतं, राखेसारखं करडं, आणि कनेक्टरच्या कडेनं केसाएवढी गोल भेग. ब्रशलेस मोटरीला तीन तारांतली एक तुटली की ती फिरत नाही, जागच्या जागी गुरगुरते. हवेतल्या थरथरीनं भेग उघडली, ड्रोन पडला, आणि पडल्यावर तार पुन्हा जागेवर बसली.

कारण शोधलं तर तेही साधं. जाड तार आणि पितळेचा कनेक्टर दोघंही उष्णता ओढून घेतात. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न त्यांना पुरत नाही. सोल्डर वितळतं पण तारेला धरत नाही. मामांनी ६० वॅटचं आयर्न काढून दिलं, तारेला आधी कल्हई करायला लावली, मग जोड. “सोल्डर ओतायचं न्हाई,” ते म्हणाले, “त्यानं आपणहून पळत जायला पायजे.” त्या दिवशी बाराच्या बारा जोड उकलून नव्यानं केले गेले. आणखी दोन तसेच निघाले. ते पुढच्या कुठल्यातरी दिवशी तुटणारच होते.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा बॅटरी जोडताना मामांनी आणखी एक गोष्ट करायला लावली. गावातल्या मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडे सिरीज बोर्ड असतो, संशयित यंत्र बल्बमधून वीज देऊन तपासायचं. तीच युक्ती इथं मोटारीच्या १२ व्होल्टच्या बल्बनं करता येते. बॅटरी आणि ड्रोन यांच्या मध्ये बल्ब. तो क्षणभर लकाकून मंदावला तर सगळं ठीक, लख्ख पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे आणि बल्बनं तुमचे चार ईएससी वाचवलेत. ड्रोनच्या जगात हे उपकरण तयारही विकत मिळतं. गल्लीतल्या मिस्त्रीला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, हे पाहून मुलांपेक्षा मामाच जास्त खूश झाले.

त्यांच्या टेबलावर आता एक वही असते. कधी पडला, बॅटरी किती होती, वारा कसा होता, काय तुटलं, काय बदललं. नियम एकच पाळतात: एका वेळी एकच बदल. पाती, पीआयडी आणि फर्मवेअर एकाच दिवशी बदललं आणि ड्रोन नीट उडाला, तर कशानं नीट झाला हे कायमचं हरवतं. सिग्नल गेल्यावर काय होतं हेही आता पाती काढून, रिमोट मुद्दाम बंद करून, प्रत्येक सत्राआधी पाहतात. उडवण्याची जागा डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात बघूनच ठरवतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅम ते २ किलोचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात येतो, आणि इथं कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासूनचं अंतर आधी मोजावं लागतं.

‘थ्री इडियट्स’मधला जॉय लोबोचा कॅमेरावाला क्वाडकॉप्टर सगळ्यांना आठवतो. २००९ च्या त्या सिनेमात दिसलेलं यंत्र आयडियाफोर्जनं बनवलेलं होतं. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ मध्ये सुरू केलेली ही कंपनी आज नवी मुंबईत आहे. सिनेमात मित्र कचऱ्यातून ते यंत्र उचलतो आणि दुरुस्ती बघता बघता उरकते. प्रत्यक्षात तिला आठवडे लागतात, आणि ते आठवडे परीक्षेच्या गुणांत कुठंच मोजले जात नाहीत. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना १५,००० फवारणी ड्रोन देण्याचं केंद्रानं ठरवलं आहे. ते ड्रोनही झाडाला, तारेला अडकून पडणार. ते ज्या तालुक्यात पडतील त्याच तालुक्यात मल्टिमीटर धरून तार हलवून बघणारं कुणीतरी असायला हवं. या कामाचा अभ्यासक्रम आयटीआयपर्यंत जावा आणि तो पडलेल्या ड्रोनपासून सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

मुलांचा ड्रोन सध्या पडत नाही, पण जागा धरायला सांगितली की एका बिंदूवर उभा न राहता हळूहळू मोठी होत जाणारी वर्तुळं काढतो. नोंदीत होकायंत्राची रेघ थ्रॉटलबरोबर वर-खाली होतेय. म्हणजे मोटरींच्या प्रवाहाचं चुंबकत्व त्याच्यापर्यंत पोचतंय. नवे जोड करताना बॅटरीच्या तारा लांबल्या आणि जीपीएस आणि होकायंत्राच्या डबीखालून गेल्या, तेव्हापासून हे सुरू झालं, असं वहीवरून दिसतं. लाल-काळ्या तारांना पीळ घालून त्या दुसऱ्या बाजूनं न्यायच्या आणि डबी उंच काठीवर चढवायची असं ठरलंय. दोन्ही एकदम नाही, आधी तारा. काठीसाठी मामांनी ॲल्युमिनियमची नळी कापून ठेवली आहे, लोखंड होकायंत्राजवळ चालत नाही म्हणून. पाऊस उघडला की मैदानात जायचं, आणि कॅलिब्रेशन वर्कशॉपमध्ये न करता तिथंच, लेथपासून लांब करायचं.